छायावहिनींचं पावणेबाराचं ताट

छायावहिनींना मी पहिल्याच भेटीत बाटवलं.

लग्न होऊन साताऱ्याला आले त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. माहेर सांगलीचं, शिक्षण डी. फार्मसी, आणि सासरचं मेडिकलचं दुकान. त्यामुळे अंगाची हळद उतरायच्या आत सासऱ्यांनी मला काउंटरमागे उभी केली. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, एवढंच त्यांनी शिकवलं. सकाळी पावणेबाराच्या सुमारास समोरच्या घरातून एक उंच बाई बाहेर पडल्या. पाय अनवाणी, साडी ओलसर, दोन्ही हातांत केळीच्या पानाने झाकलेलं पितळी ताट. आमच्या पायरीशी आल्या आणि त्यांचा पदर खांद्यावरून घसरला. हात तर अडकलेले. मी आपली नव्या नवरीच्या उत्साहात खाली उतरले आणि पदर नीट खांद्यावर टाकून दिला. गल्लीतली दोन माणसं होती तिथेच थांबली. आमच्या सासूबाई आतून "अगं अगं" करत धावत आल्या. त्या बाई मात्र रागावल्या नाहीत. माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, म्हणाल्या, "नवी हाईस व्हय? असू दे. देवीला आज उशिरा भूक लागंल." आणि ताट घेऊन माघारी वळल्या. दीड वाजता त्या पुन्हा अंघोळ करून, पुन्हा सगळा स्वयंपाक करून, तेच ताट घेऊन गेल्या. मी काउंटरखाली वाकून खोकी लावत बसले होते.

मग सासूबाईंनी समजावलं. गल्लीच्या टोकाला देवीचं देऊळ आहे. रोज बाराचा नैवेद्य समोरच्या घरातून जातो, कैक पिढ्या. जी बाई तो शिजवते तिने अंघोळ केल्यापासून देवळातली घंटा वाजेपर्यंत कुणाला शिवायचं नाही आणि तिला कुणी शिवायचं नाही. ओट्यावरचा गॅस चालत नाही. जमिनीवर वेगळी शेगडी, वेगळी भांडी, आणि परसातल्या आडाचं पाणी, तेही तिनेच शेंदून आणलेलं. त्या घरात तीन जावा. थोरल्या अक्का, मधल्या छायावहिनी, आणि धाकट्या, ज्या शाळेत शिकवायच्या. जिला अडचण असेल ती चार दिवस बाजूला व्हायची आणि दुसरी शेगडीपुढे बसायची. असं तिघींचं फिरतं चाललेलं होतं.

वहिनी मूळच्या जत तालुक्यातल्या, पार कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावच्या. आईला अव्वा म्हणायच्या. साताऱ्याच्या पावसाळ्यात सोवळ्याची साडी वाळायची नाही, तर ओलीच नेसून शेगडीपुढे बसायच्या आणि वरून गंमत करायच्या. एकदा म्हणाल्या, "आमच्याकडं देवाला पण टँकरचंच पाणी. आठ दिवसाचं. देव काय बोलत न्हाई. तुमच्या साताऱ्याची देवी लय नाजूक." हे त्या कुणाला टोचून नव्हत्या बोलत. त्यांची देवीवर मनापासून श्रद्धा होती, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं सगळं ऐकून कुणाला वाटायचं, की त्या बाईला हे मान्य नव्हतं आणि तिने मुकाट सोसलं. तसं असतं तर सोपं झालं असतं.

दुपारी जेवणं उरकली की त्या दुकानात यायच्या. मी बुटकी. सगळ्यात वरच्या फळीवर सलाइनच्या बाटल्यांची खोकी असायची, ती काढायला मला स्टूल लागायचं. वहिनी नुसता हात वर करायच्या आणि खोकं खाली. "तुला देवानं गुडघ्यापासनं बनवायला घेतलं आणि कट्टाळला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे, तुम्ही आहात ना. स्टूल हळूहळू मागच्या खोलीत गेलं.

मी आल्यानंतर दोनेक वर्षांनी वहिनींना अंगावरून जायला लागलं. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस. औषधं मीच द्यायचे, त्यामुळे मला सगळं माहीत. पण घरात खरी अडचण झाली ती शेगडीपुढे कोण बसणार याची. अक्कांचे गुडघे तोवर पुरते गेले होते, जमिनीवर मांडी घालता येत नव्हती. धाकट्या दहाला शाळेत जायच्या. त्यांच्या रजा संपायला लागल्या, घरात भांडी आपटायला लागली. मग एका दवाखान्यात दाखवलं आणि तिथल्या डॉक्टरांनी पिशवी काढू म्हटलं. काढतोच आहे तर अंडाशयही काढून टाकू, पुढे कॅन्सरची भीती नको, असंही म्हटलं. वहिनींचं वय छत्तीस. अजून काही महिने औषधाने बघू, असं त्या दिवशी त्या घरात कुणाला सुचलं नाही, आणि गोळ्या विकणाऱ्या मला सुचलं होतं, तरी मी बोलले नाही. नवीन सून, दुसऱ्याचं घर. आज मला त्या गप्प बसण्याचा राग येतो.

ऑपरेशननंतर सहा-सात आठवड्यांनी त्या पहिल्यांदा दुकानात आल्या. रया गेली होती, पण हसत होत्या. मी विचारलं, बरं वाटतंय का आता. तर म्हणाल्या, "बरं म्हंजे काय, आता मी बारमाही झाले की. आजपासनं सगळा नैवेद्य माझ्याकडं. अक्कानं साडी घेतली मला." त्यांच्या गावात म्हणे एकच विहीर बारमाही होती. उन्हाळ्यात सगळ्या गावाच्या घागरी तिच्यावर. मी सहज विचारलं, मग अजून आहे का ती विहीर. "आटली की," त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी उपसली, कशी ऱ्हाईल?" एवढं बोलून त्यांनी वरच्या फळीवरचं खोकं काढून दिलं आणि गेल्या.

त्यानंतर दहा वर्षं मी ते ताट पाहिलं. रोज. पावणेबारा वाजले हे मला घड्याळात बघावं लागत नसे. सण असो, ताप असो, मे महिन्यात डांबर तापलेलं असो. त्यांचे मालक महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचे, मंगळवारी घरी यायचे. स्वभावाने गरीब माणूस, पण कुठल्याही गोष्टीला "आप्पा म्हणतील तसं" एवढं एकच उत्तर. आप्पा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. सीझनला कितीतरी लोक मुंबई-पुण्याहून महाबळेश्वर बघायला जातात. वहिनींचा नवरा तिथे, आणि वहिनींनी महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं. माहेरचं तर नावच नको. जतला जायचं म्हणजे एका दिवसात येणं होत नाही, आणि रात्रीचा मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशीच्या बाराला कोण? भावाच्या मुलीचं लग्न झालं, वास्तुशांत झाली, वहिनी इथेच.

त्यांची अव्वा गेली तेव्हा मात्र त्या गेल्या. लग्न झालेल्या मुलीला आईचं तीन दिवस सुतक, आणि सुतकात नैवेद्य चालत नाही, म्हणून धाकट्या जाऊबाईंनी रजा काढली. चौथ्या दिवशी पावणेबाराला वहिनी ताट घेऊन हजर. दुपारी दुकानात आल्या, मी पाणी दिलं. पेला रिकामा केला आणि म्हणाल्या, "बघ सुषमा, अव्वानं शेवटाला मला तीन दिवस सुट्टी दिली." मी उगीचच एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी दोनदा वाचली.

अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी त्या आल्या, मी सवयीने म्हटलं, वहिनी, वरचं खोकं. त्यांनी हात वर केला. बोटं खोक्याच्या खाली चार अंगुळांवर थांबली. त्यांनी टाचा उचलल्या, तरी नाही. आम्ही दोघी त्या फळीकडे बघत राहिलो. फळी तीच, खिळेही तेच. "सासऱ्यांनी फळी वर मारली काय गं?" त्यांनी विचारलं. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. मी त्यांना उंची मोजायच्या पट्टीला उभं केलं, तर पाठ भिंतीला टेकली आणि डोकं टेकेना. मग पाठ दाखवा म्हटलं, तर मानेखाली थोडी पोक आलेली. पाठ दुखते का? तर म्हणे, घागर शेंदताना दुखती, ते काय दुखणं हाय?

छत्तिसाव्या वर्षी अंडाशय काढलेली बाई, दहा वर्षं कुणी हाडांकडे बघितलेलं नाही. मी त्याच दिवशी सांगलीला माझ्या मैत्रिणीच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायला फोन केला. पण वेळ माझ्या हातात कुठे होती? धाकट्या जाऊबाईंना रजा मिळायला हवी, त्यात त्यांना अडचण नको. म्हणजे एकीच्या हाडांची तारीख दुसरीच्या पाळीवरून ठरली. तीनदा पुढे गेली. अखेर अडीच महिन्यांनी आम्ही पहाटेच्या एसटीने सांगलीला गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, त्यांनी खिडकीतून डोकं आत घेतलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "इथनं जत किती?"

डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करून घेतली, रक्त, छातीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सगळं. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, लिव्हरचं काही, असं खोदून खोदून विचारलं. मग कागदावर दोन हाडं काढून दाखवली, एक भरलेलं, एक भुसभुशीत. म्हणाल्या, तुमची दुसऱ्यासारखी झालीत. बाईचं अंडाशय नुसतं मुलांसाठी नसतं; त्यातून जे हार्मोन येतं ते हाडं राखतं. तुमचं ते पंधरा वर्षं आधीच बंद केलं. ते बाहेरून द्यायची एक पट्टी मिळते, कमरेखाली कातडीला चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची. प्रत्येक बाईला ती चालत नाही, दुसरी औषधंही आहेत. पण तुमचं वय आणि तुमचे रिपोर्ट बघता तुम्हाला ती योग्य आहे, निदान पन्नाशीपर्यंत. बरोबर कॅल्शियम, उन्हात चालणं, आणि घागर बंद. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की ती अंघोळीला काढायची का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजिबात नाही, एकदा लावली की तीन-चार दिवस अंगावरच राहू द्यायची.

आमच्याकडे ती पट्टी आजवर कुणी मागितलीच नव्हती. मी पुण्याहून मागवली. सोमवार आणि गुरुवार ठरले. पहिली पट्टी वहिनींनी मागच्या खोलीत माझ्यासमोर लावली, आणि साडी सारखी करत म्हणाल्या, "एवढ्याशा चिकटपट्टीत हाड राखायची ताकद हाय व्हय?" त्या दिवशी त्यांचा चेहरा मला त्यांच्या लग्नाच्या वेळच्या फोटोतल्यासारखा दिसला. मलाही उगीच मोठं काम केल्यासारखं वाटलं. आणि तिथेच माती खाल्ली.

दुसऱ्या महिन्याची पाकिटं न्यायला अक्का आल्या. खोका उलटसुलट करून त्यांनी विचारलं, हे काय गं देतेस तिला. मी शहाणी. गिऱ्हाइकाला समजावून सांगायची मला भारी हौस. म्हटलं, अक्का, पाळी गेल्यावर बाईच्या अंगातलं जे कमी होतं ना, ते ही पट्टी परत आणते. अक्कांनी खोका काउंटरवर ठेवला. इतक्या अलगद ठेवला, की माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पट्टीने पाळीच परत येते असं अक्कांनी घेतलंय, हे कळलं तशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काकुळतीला येऊन सांगितलं, की पिशवीच नाही तर अडचण येणार कुठून, एक थेंब दिसणार नाही, लेखी देते. अक्का शांतपणे म्हणाल्या, "दिसत नाही, पण अंगात आलं ना? तूच म्हणालीस." आप्पा पेपर वाचत होते. ते म्हणाले, औषधाला आमची ना नाही, तब्येत आधी. फक्त मग नैवेद्याचं कसं करायचं तेवढं ठरवा. आणि पेपरचं पान उलटलं. धाकट्या जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांच्या नोकरीवर मुलीचं शिक्षण चाललं होतं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी पट्टी लावू नको म्हटलं नाही. आणि वहिनी दाराशी उभ्या राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मी घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

पण वहिनी पट्ट्या नेत राहिल्या. मला वाटलं, निभावलं बाईने. तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं, की त्या पट्टीबरोबर जखमेची चिकटपट्टीही नेतात, दर आठवड्याला एक अख्खं रीळ. कशाला लागते, विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग हळूच म्हणाल्या, "सकाळी अंघोळीला काढती, न्हाणीच्या दाराला आतनं लावून ठेवती. घंटा झाली की परत अंगाला लावती. परत चिकटत न्हाई, म्हणून वरनं ही." मी डोक्याला हात लावला. म्हटलं, वहिनी, अशाने औषध अंगात जातंय की दारात? न्हाणीच्या वाफेत तासन्‌तास राहिलेली, वाळलेली पट्टी, तिचा काय उपयोग? त्यांनी माझा हात धरला. दुपार होती, धरता येत होता. म्हणाल्या, "देवीला फसवायचं न्हाई आणि हाडं बी पायजेत. मी दोघांत अर्धं अर्धं वाटून दिलंय." त्यांच्या मते हा अगदी न्यायाचा तोडगा होता. डॉक्टरीणबाईंना फोन करून मी दुसरं एखादं औषध विचारलं. त्या म्हणाल्या, इंजेक्शन आहे, पण आधी घेऊन या, तपासते. घेऊन या! रजा, पाळी, एसटी. पुन्हा तेच सगळं.

तारीख ठरली नवरात्रानंतरची. नवरात्रात नैवेद्य दुप्पट, पुरणावरणाचा, त्यात रोज पाटा. सातव्या माळेला वहिनी आडावर भरलेली घागर उचलायला वाकल्या आणि पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं. पडल्या नाहीत. तशाच बसून त्यांनी उरलेला स्वयंपाक केला. पावणेबाराला ताट माझ्यासमोरून गेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक होता आणि त्या भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या. मी पायरी उतरले, आणि हात मागे घेतला. आधार द्यायचा तर शिवावं लागणार. घंटा वाजली, त्या परत आल्या, घराच्या उंबऱ्यात बसल्या आणि मग त्यांना उठता येईना. एक्स-रे काढला. मणक्याची दोन हाडं दबून चपटी झाली होती. त्या हात मागे घेण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आठव्या माळेला प्रश्न उभा राहिला. अक्कांना बसवत नाही, धाकट्यांची नेमकी अडचण. सकाळी दहाला आप्पांनी अंघोळ केली, सोवळं नेसले आणि स्वयंपाकघरात गेले. रोजच्या वापरातला कुकर घासूनपुसून घेतला, ओट्यावरच्या गॅसवर वरणभात लावला, नळाच्या पाण्यात, एक भाजी फोडणीला टाकली, पेढे आणले. पाऊण तासात ताट तयार. पुरुषाला अडचण नसतेच. कुणाचीच हरकत नव्हती. बाराला घंटा वाजली. गल्लीत सगळे म्हणाले, आप्पांनी किती निगुतीने केलं.

दुपारी मी वहिनींकडे गेले. कमरेला पट्टा बांधून त्या उताण्या पडल्या होत्या, आढ्याकडे बघत. मी आलेली बघूनही त्यांनी मान वळवली नाही.

"कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या मी," त्या म्हणाल्या. "इतकं सोपं व्हतं व्हय, सुषमा?"

इतक्या वर्षांत एकदाच त्यांना रडताना पाहिलं, ते तेव्हा. पाठीत कळ येते म्हणून त्यांना धड हुंदकाही देता येत नव्हता.

दोन महिने आप्पांनी नैवेद्य केला. त्या दोन महिन्यांत वहिनींची पट्टी मात्र अंगावर राहिली, दारावर नाही. डॉक्टरीणबाईंना मी व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. त्यांनी पट्टी चालू ठेवायला सांगितलं, इंजेक्शनचं नंतर बघू म्हणाल्या, आणि दबलेलं हाड काही पुन्हा उभं राहत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. वहिनी आता आणखी दोन-तीन बोटं बुटक्या झाल्या होत्या. मग एक दिवस अक्का त्यांच्या खाटेजवळ बसून म्हणाल्या, की आता बरंच उठता-बसता येतंय तुला. आप्पांना दगदग होते गं, वय झालं त्यांचं. पाणी आम्ही शेंदून देऊ. आणि ती पट्टी तेवढी बघ.

मला हे कळलं ते दोन दिवसांनी, सकाळी पावणेबाराला, जेव्हा समोरचं दार उघडलं आणि ओलसर साडीतल्या वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. कमरेचा पट्टा नव्हता; सुईदोऱ्याने शिवलेली वस्तू सोवळ्यात चालत नाही. एकेक पाऊल मोजत चालल्या होत्या. गल्लीतली माणसं नेहमीसारखी बाजूला झाली. मीही काउंटरमागे सरकले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं जास्त.

वहिनी पायरीशी थांबल्या. देवळाच्या दिशेला एकदा बघितलं, ओठ हलले. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मग दोन पायऱ्या चढल्या, ताट काउंटरवर खोकल्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलं, आणि आपला ओला हात माझ्या हातावर ठेवला.

"तू मला शिवलीस बघ," त्या म्हणाल्या. "फोन लावून दे आप्पास्नी."

मी फोन लावला. वहिनींनी अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं, की मेडिकलवाल्या सुषमानं शिवलं, ताट बाटलं, आता माझ्याच्यानं परत अंघोळ नि परत स्वयंपाक होणार न्हाई, तुमी तेवढा कुकर लावा. पलीकडून आप्पा काहीतरी बोलत होते. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवं, मी देवीला सांगितलंय. तुमी तिला इचारा." आणि फोन माझ्याकडे दिला. उद्या भाऊ येतोय न्यायला, जतला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. कधी परत येणार, ते मी विचारलं नाही. आज दीड वर्ष झालं, अजून आलेल्या नाहीत. मालक आता मंगळवारी महाबळेश्वरहून थेट जतला जातात. पट्ट्या मी कुरिअरने पाठवते. नव्या तपासणीत घसरण थांबली आहे एवढंच आलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात तेवढंही पुष्कळ आहे.

त्या दिवशी मात्र त्यांनी केळीचं पान बाजूला सारलं. वरणभात, बटाट्याची भाजी, खीर, सगळं वाफाळलेलं. "खा," म्हणाल्या, "मी बी खाती. दहा वर्षांत बाराच्या आत गरम घास पोटात गेला न्हाई." आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो, एक पाय काउंटरआड, एक डोळा गिऱ्हाइकावर. जेवण झाल्यावर त्यांनी ओच्यातून एक पाकीट काढलं. गुरुवार होता. म्हणाल्या, पाठीमुळे मागे हात पोचत नाही, तू लावून दे.

मागच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांआड मी त्यांची कातडी कोरडी पुसली, पट्टी लावली आणि तळहाताने दाबून धरली. नीट चिकटायची तर दहा सेकंद दाबून धरावं लागतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. समोरच्या घरात कुकरची पहिली शिट्टी झाली. वहिनी खोक्यांना टेकून उभ्या होत्या, हलल्या नाहीत. दहा झाले, तरी मी हात काढला नाही.